गिऱ्हाईक कुणाचं?

मी कोल्हापुरात करसल्लागार आहे. माझ्याकडे येणारी मंडळी लहान धंद्यातली. चप्पल लाइनीतले कारागीर-दुकानदार, गूळ-काकवी विकणारे, कांदा-लसूण चटणी करणाऱ्या बायका, हुपरीच्या चांदीचे पैंजण विकणारे. पूर्वी त्यांच्या पिशवीतून बिलबुकं, उधारीची वही आणि बँकेचं पासबुक निघायचं. आता ते मोबाइलच पुढे सरकवतात. त्यात ऑनलाइन बाजारपेठांचे सेटलमेंट रिपोर्ट असतात, जाहिरातींची बिलं असतात, यूपीआयची न संपणारी जमा असते, आणि अलीकडे एखाद्या एआय सेवेची मासिक वर्गणीही असते.

डिजिटल अर्थव्यवस्थेबद्दल व्यासपीठावरून बरंच बोललं जातं. मी ती जमा आणि नावे या दोन रकान्यांतून बघतो. हे रकाने एवढी वर्षं एकच गोष्ट सांगत आलेत. माल कुणीही करो, पैसा त्याच्याकडे साचतो ज्याच्या हातात गिऱ्हाईक आहे. मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक आपल्या हाती घेतलं, आणि एआयमुळे ती मूठ आणखी घट्ट होते आहे. तरीही लहान माणसाला करण्यासारखं बरंच उरतं. नव्या अशिलाला पहिल्या बैठकीत मी जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

1. विक्रीचा आकडा बघून पेढे वाटू नका

"साहेब, माल तर बक्कळ गेला, पण बँकंत काय दिसंना बघा." चप्पल लाइनीतले एक मामा ऑनलाइन विक्री सुरू केल्यावर पहिल्यांदा आले ते हे वाक्य घेऊनच.

मी त्यांच्यासमोर एकाच ऑर्डरचा हिशेब उलगडला. हजार रुपयांची जोडी. त्यातून आधी बाजारपेठेचं कमिशन गेलं. मग दर ऑर्डरमागची ठरावीक फी, मग पार्सलचा खर्च. या तिन्हींवर 18 टक्के जीएसटी. त्यानंतर जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का आणि आयकराचा टीडीएस 0.1 टक्का. हे शेवटचे दोन दर 2024 मध्ये कमी झाले आणि ती रक्कम विवरणपत्र भरल्यावर हिशेबात परत येते. पण तोवर ती तुमच्या गल्ल्यात नसते, आणि चामड्याचा व्यापारी तोवर थांबत नाही.

मामांचा खरा पैसा मात्र खोक्यात जात होता. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी मोजतात. एक काट्यावरचं वजन, आणि दुसरं खोक्याच्या मापाचं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा 5,000 ने भागायचं. दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर आकार लागतो. मामांचं खोकं 33 बाय 22 बाय 10. गुणाकार 7,260, म्हणजे जवळपास दीड किलो. आतली जोडी काट्यावर पाऊण किलोसुद्धा भरत नव्हती. मामा दर पार्सलला हवेचं भाडं भरत होते. त्यांनी जोडी तळव्याला तळवा लावून 30 बाय 14 बाय 9 च्या खोक्यात बसवली. गुणाकार 3,780 वर आला आणि पार्सल खालच्या दरात गेलं.

दुसरी गळती परतीच्या मालाची. कोल्हापुरी चप्पल नवी असताना आवळते आणि घालून सैलावते. बुटाचा नंबर बघून मागवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो दोन दिवसांत चप्पल परत पाठवतो, आणि जाण्या-येण्याचा भुर्दंड बऱ्याचदा विक्रेत्याच्या माथी येतो. मामांनी फोटोत पट्टी ठेवून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये दाखवायला सुरुवात केली. परतीचा माल बराच कमी झाला.

सांगायचं एवढंच, की महिन्याची विक्री बघू नका. एका नगामागे हातात काय उरलं ते बघा, परतीचा माल धरून.

2. गाळाभाडं गेलं, जाहिरात आली

जुन्या वह्यांत गाळाभाडं हा सर्वांत जाड खर्च असायचा. महाद्वार रोडवर गाळा मिळाला की तो पिढीला पुरायचा. ऑनलाइन धंद्याच्या वहीत तेवढाच जाड खर्च जाहिरातीचा दिसतो. शोधाच्या यादीत वरच्या ओळी पैसे भरून घेतलेल्या असतात, आणि त्या जागांचा लिलाव दर शोधागणिक होतो. दिवाळीच्या तोंडावर सगळेच बोली वाढवतात. कालच्या पैशात आज तेवढी माणसं दिसत नाहीत.

हा पैसा जातो कुठे हे बघायचं तर मोठ्यांचे ताळेबंद उघडेच आहेत. गुगलची मालक कंपनी अल्फाबेटने 2024 मध्ये सुमारे 350 अब्ज डॉलरचं उत्पन्न दाखवलं. त्यात जाहिरातीचा वाटा 264 अब्जांच्या वर होता. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप चालवणाऱ्या मेटाच्या 164 अब्जांतले 160 अब्ज जाहिरातीचे. दुकान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अॅमेझॉननेही त्याच वर्षी जाहिरातीतून 56 अब्ज डॉलर मिळवले. म्हणजे दुकानदाराकडून विकल्याबद्दल कमिशन, आणि दिसू दिल्याबद्दल वेगळे पैसे.

कोल्हापूरकरांना टोल नवा नाही. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध आम्ही वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलो आणि तो घालवूनच थांबलो. या नव्या टोलचं नाकं मात्र दिसत नाही. त्याचा दर एका ईमेलने बदलतो, आणि मोर्चा न्यायचा म्हटलं तर कार्यालय दुसऱ्या खंडात.

जाहिरात करूच नका असं मी म्हणत नाही. तिला विक्रीखर्चात न ढकलता वेगळं खातं द्या. नवं गिऱ्हाईक आणायला किती पैसे गेले, आणि जुनंच गिऱ्हाईक पुन्हा दाखवायला किती गेले, हे वेगवेगळं लिहा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर तुम्ही आपलंच गिऱ्हाईक भाड्याने घेताय.

3. कुणीही देऊ शकेल असा माल घेऊन बसू नका

मोबाइलचं कव्हर, साधा टी-शर्ट, प्लास्टिकचा डबा घेऊन ऑनलाइन उतरलेले माझे बहुतेक अशील वर्ष-दोन वर्षांत थांबले. कुठला माल खपतो, कोणत्या किमतीला खपतो, कोणत्या गावात खपतो, हे सगळं बाजारपेठेला दिसतं. तुम्हाला फक्त तुमचंच दिसतं. त्या माहितीवर कुणीतरी तोच माल दहा रुपयांनी कमी लावतो, आणि कधी कधी तो कुणीतरी बाजारपेठेच्याच गोतावळ्यातला असतो.

सरकारलाही हे दिसलं होतं. परकी भांडवलावरच्या ऑनलाइन बाजारपेठांनी स्वतःचा माल विकू नये हा नियम आधीपासून होता. 2018 ची प्रेस नोट 2 ही 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाली आणि हा नियम आणखी आवळला गेला. ज्या विक्रेत्याची 25 टक्क्यांहून अधिक खरेदी बाजारपेठेच्या गटातल्या कंपन्यांकडून होते, त्याचा साठा बाजारपेठेच्याच ताब्यात धरला जाऊ लागला. अॅमेझॉन आणि नारायण मूर्तींची कॅटमरान यांची भागीदारी असलेला क्लाउडटेल हा बडा विक्रेता मे 2022 मध्ये बंद झाला. पण नियमाने दार लावलं तरी माहितीची खिडकी उघडीच राहते.

म्हणून वेगळेपण लागतं, आणि ते कागदावर असलेलं बरं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत, आणि कर्नाटकातले चार. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच घडणीची चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला आणि कंपनीला भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. तो गदारोळ याच प्लॅटफॉर्मवर झाला हेही विसरू नये. नाव आपलं असलं आणि ते कागदावर असलं, की भांडायला पाय रोवता येतात.

4. फॉलोअर मोजा, पण फोन नंबर लिहून ठेवा

29 जून 2020 च्या रात्री सरकारने टिकटॉकसह 59 चिनी अॅपवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं होतं, त्यात मला पडायचं नाही. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक मुलांनी तिथे लाखांत फॉलोअर जमवले होते. ते एका रात्रीत नाहीसे झाले, आणि त्यातला एकही सोबत नेता आला नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास एकदम बंद पडलं. आपल्याकडे ती रात्रीची वेळ होती, म्हणजे घरगुती धंदेवाल्यांची ऑर्डरी घ्यायचीच वेळ.

याचं जवळचं उदाहरण गडहिंग्लजकडच्या एका ताईंचं. त्यांच्या कांदा-लसूण चटणीची विक्री एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर छान चालली होती. दिवाळीच्या तोंडावर खातं गोठवलं गेलं. कारण म्हणून एक कलम क्रमांक आला. त्यांनी परवान्याची प्रत पाठवली, पॅकेटचे फोटो पाठवले. उत्तर प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तेच. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हेच कळेना. खातं पुढे सुरू झालं. तोवर दिवाळी होऊन गेली होती, आणि आधीच्या विक्रीचे पैसेही अडकून पडले होते.

त्या तगल्या त्या एका रेघांच्या वहीवर. पहिल्यापासून त्या प्रत्येक पाकिटात आपल्या नंबराची चिठ्ठी घालायच्या आणि ज्याचा फोन येईल त्याची नोंद ठेवायच्या. नाव, गाव, नंबर, आणि पुढे शेरा: 'कमी तिखट', 'लसूण जास्त', 'लेकीच्या डोहाळजेवणाला 2 किलो', 'पुण्याला मुलाकडे पाठवायची'. त्या दिवाळीत त्यांनी वही उघडून एकेकाला फोन लावले. माझ्याकडे हिशेब आला तेव्हा विक्री कमी होती, पण कमिशनच्या रकान्यात शून्य होतं.

कुठलीही कंपनी तुम्हाला हे शेरे देत नाही, कारण तिच्या लेखी तीच खरी मालमत्ता आहे. नंबर लिहिताना समोरच्याला विचारून घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालाय, आणि विचारून घेतलेल्या नंबरावर केलेला फोन माणसं उचलतातही.

5. रस्ता सगळ्यांचा असला की लहान माणूस तगतो

सगळंच वाईट आहे असं कुणी म्हणालं की मी त्याला यूपीआयची नोंद दाखवतो. एनपीसीआयने 2016 मध्ये आणलेल्या या व्यवस्थेत कुठल्याही अॅपवरून कुठल्याही बँकेत पैसे जातात. जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींच्या वर व्यवहार झाले. इथेही दोनच अॅप मोठी आहेत. फोनपे आणि गुगल पे मिळून 80 टक्क्यांच्या वर व्यवहार करतात. एका अॅपने 30 टक्क्यांच्या वर जाऊ नये हा नियम 2020 मध्ये जाहीर झाला, आणि त्याची मुदत वाढत वाढत डिसेंबर 2026 च्या अखेरीपर्यंत गेली.

तरी फरक बघा. भाजीवालीला उद्या एक क्यूआर काढून दुसरा लावावासा वाटला, तर ती पाच मिनिटांत लावते आणि तिचं एकही गिऱ्हाईक तुटत नाही. ऑनलाइन बाजारपेठ बदलताना मात्र परीक्षणं, तारे, क्रमांक सगळं मागे सोडून जावं लागतं. तंत्रज्ञान दोन्हीकडे सारखंच आहे. यूपीआयमध्ये मधला रस्ता कुणा एकाचा नाही, एवढाच काय तो फरक. ओएनडीसी हा असाच रस्ता खरेदी-विक्रीसाठी बांधायचा प्रयत्न आहे. तिथे गर्दी अजून बेताची आहे, पण कल्पना योग्य आहे. माझ्या अशिलांना मी तिथे एक पाय ठेवायला सांगतो.

यूपीआयची दुसरी बाजूही माहीत हवी. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बेंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. रोखीकडे पळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मुलाने घरखर्चाला पाठवलेले पैसे, मित्राची उसनवारी आणि धंद्याची जमा एकाच खात्यात घेऊ नका. मालाच्या विक्रीची नोंदणीमर्यादा 40 लाखांची आहे. आपण तिच्या कुठल्या बाजूला आहोत, हे नोटीस यायच्या आधी आपल्या वहीने सांगितलं पाहिजे.

6. एआयने जे स्वस्त केलं, त्याचा भाव गेला

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतर वर्षभरातच माझ्या वह्यांमधले दोन खर्च आटले. मालाचं वर्णन लिहून घेण्याचे पैसे, आणि फोटोची पार्श्वभूमी साफ करून घेण्याचे पैसे. ते दोन्ही पैसे ज्यांना मिळायचे, त्यांतले काही माझेच अशील आहेत. डीटीपी करणारा एक जण, फोटो काढणारा एक जण. एकाच कपाटात दोघांच्याही फायली आहेत. त्यामुळे एकाची बचत ही दुसऱ्याची मंदी कशी होते, ते मला वेगळं शोधावं लागत नाही.

पण विक्रेत्याचाही फायदा टिकला नाही. तुम्हाला गुळगुळीत वर्णन फुकटात मिळतं तसं शेजाऱ्यालाही मिळतं. सगळ्यांच्याच याद्या एकसारख्या गोड बोलायला लागल्या, की गोड बोलण्याला किंमत उरत नाही. मग खपतं ते यंत्राला ठाऊक नसलेलं.

चप्पलवाल्या मामांच्या मुलाने एआयकडून वर्णन लिहून घेतलं. इंग्रजी झकास होतं. मामांनी ते मराठीत वाचून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'पावसाळ्यातही बिनधास्त वापरा,' असं त्यात होतं. "अरे, बाभळीची साल आन् हिरड्यात कमावलेलं कातडं हाय ते. पावसात घातली की फुगून बसंल. गिऱ्हाईक शिव्या कुणाला देईल, मशिनीला?" ती ओळ गेली. तिच्या जागी मामांनी स्वतः सांगितलेल्या चार गोष्टी आल्या: पावसात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, पहिले काही दिवस घरात घाला, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. कापशी, पुकारी आणि बक्कलनाळी यांत फरक काय, तोही त्यांनीच सांगितला. सगळ्यात जास्त प्रश्न याच मजकुरावर आले, आणि प्रश्न विचारणारा बहुधा घेतोच.

एआय जरूर वापरा. जीएसटीच्या नोटिशीचा मजकूर वाचायला, इंग्रजी ईमेल लिहायला, हिशेबाच्या तक्त्याला सूत्र लावायला मीही वापरतो. पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ कारागिराच्या नजरेखालून जाऊ द्या. चुकीचा माल परत आला तर पार्सलचा खर्च यंत्राच्या नावे पडत नाही.

7. उत्तर देणाराच आता दुकान दाखवणार

जयसिंगपूरचे एक निवृत्त शिक्षक शेतीविषयक माहितीचं मराठी संकेतस्थळ चालवतात. जाहिरातीतून त्यांना मिळणारे पैसे थोडे, पण नियमित होते. 2024 मध्ये गुगलने भारतात शोधाच्या डोक्यावर एआयचं तयार उत्तर दाखवायला सुरुवात केली. ऊस पिवळा का पडतो, याचं उत्तर तिथेच मिळालं तर सरांच्या पानावर जायचं कशाला? त्यांच्या जमेचा रकाना तेव्हापासून बारीक होत चाललाय. उत्तर तयार करायला मजकूर मात्र अशाच लोकांनी लिहिलेला लागतो.

हा वाद आता कोर्टात आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा लावला. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेत लावला होता. मराठीत मजकूर लिहिणारे हजारो सर आहेत, पण त्यांच्यातर्फे कोर्टात उभं राहायला कुणी नाही.

व्यापाऱ्यांसाठी पुढचं पाऊल आणखी महत्त्वाचं. ऑक्टोबर 2025 मध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआयने चॅटजीपीटीत बोलता बोलता खरेदी करून यूपीआयने पैसे भरण्याचा प्रयोग जाहीर केला. आज गिऱ्हाईक यादी खाली सरकवत पाच-पंचवीस माल तरी बघतं. उद्या ते म्हणेल, 'चांगली काकवी मागव,' आणि यंत्र दोन-तीन नावं पुढे करेल. तिसऱ्या नावाच्या पुढे कुणी नसेल. ही नावं कशावरून ठरतील आणि त्यातली विकत घेतलेली कोणती, हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. त्याचा नियम आत्ताच व्हायला हवा. रूढी पडल्यावर नियम करणं जड जातं.

8. फुकटाची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा

2025 मध्ये एआय फुकट वाटायची चढाओढ लागली. जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटीची सशुल्क सेवा वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गुगल जेमिनीची 18 महिन्यांसाठी दिली. 4 नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट केलं.

यांत कुणी दानधर्म करत नाही. एआय चालवायला महागड्या चिपा, अखंड वीज आणि थंड ठेवलेली प्रचंड गोदामं लागतात. त्यांतली काही नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात उभी आहेत. एवढा पैसा ओतणारा माणूस आधी सवय विकतो आणि नंतर सेवा. बाजारपेठांनीही सुरुवातीला कमिशन माफ केलं होतं, पार्सल फुकट नेलं होतं.

फुकट आहे तोवर घ्या, लाजू नका. पण मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि आपोआप पैसे कापायची परवानगी दिली असेल तर ती त्याआधी तपासा. आपली माहिती, फोटो, गिऱ्हाइकांची यादी, हिशेबाचे तक्ते यांची एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवा. माझ्या कपाटात दरसाल 31 मार्चला प्रत्येक अशिलाच्या नावाचा पेन ड्राइव्ह जातो. जुनाट वाटेल, पण तो कुणी गोठवू शकत नाही.

9. कायदा येईल तेव्हा येईल, तोवर एकत्र या

कायदा झोपलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला 213.14 कोटींचा. युरोपचा डिजिटल मार्केट्स कायदा मार्च 2024 पासून बड्या कंपन्यांवर पुरता लागू झाला. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी शोधाच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा त्याच वर्षी मार्चमध्ये पुढे आला. पण अपिलांत वर्षं जातात. प्ले स्टोअरच्या प्रकरणात गुगलला झालेला 936.44 कोटींचा दंड 2025 मध्ये अपिलात 216.69 कोटींवर आला. गडहिंग्लजच्या ताईंची दिवाळी तोवर थांबत नाही.

पार्सल घेऊन येणारा पोरगाही याच साखळीतला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. ही रक्कम खरोखर जमा होते का, यावर आपली नजर हवी.

आमच्या जिल्ह्याला मध्यस्थ नवा नाही, आणि त्यावरचा उपायही नवा नाही. 1963 मध्ये गोकुळ दूध संघ उभा राहिला. एकेकट्या शेतकऱ्याला दुधाचा भाव ठरवता येत नव्हता. संघाने संकलन, वाहतूक आणि नाव आपल्या हाती घेतलं, तेव्हा शेतकऱ्याला बोलायला जागा मिळाली. ऑनलाइन धंद्यात हे अवघड नाही. पाच चटणीवाल्यांनी एकत्र गोदाम घ्यावं, कुरिअरचा दर एकत्र ठरवावा, एक नाव नोंदवावं आणि एक संकेतस्थळ चालवावं. बाजारपेठ पाचांना वेगवेगळी वागवते. पन्नासांचा एक संघ झाला, तर तिला फोनवर माणूस बसवावा लागेल.

शेवटी प्रत्येक अशिलाकडून मी एक आकडा लिहून घेतो. एकूण विक्रीपैकी किती विक्री थेट आली. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर आपल्याला माहीत आहे आणि ज्याला आपण स्वतः फोन करू शकतो, त्याच्याकडून. बाजारपेठ सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. नवं गिऱ्हाईक तिथेच भेटतं. पण हा आकडा दर मार्चअखेर वाढला पाहिजे. तो घटत असेल, तर विक्री दुप्पट झाली असली तरी धंदा तुमचा उरलेला नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरी आलेल्या पाकिटात नंबराची चिठ्ठी सापडली आणि माल आवडला, तर पुढची ऑर्डर त्या नंबरावर द्या.